संगीत नाटक पाहताना कान कुठे ठेवायचा? (सौभद्र, कट्यार, पायपेटी आणि आपली नागपूरची सभागृहं)

(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरी घंटा

संगीत नाटकातला नट कसा आहे हे कळायला अख्खं पद ऐकावं लागत नाही. पदाच्या आधीचं शेवटचं वाक्य ऐकलं की पुरतं. ते वाक्य बोलता बोलता तो सुरात शिरला, कुठे बोलणं संपलं आणि कुठे गाणं सुरू झालं हे आपल्याला सांगता आलं नाही, तर तो खरा गायकनट. वाक्य संपवून तो थांबला, दोन पावलं पुढे आला, प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि मग आकार लावला, तर नाटक तिथे थांबलं आणि मैफल सुरू झाली.

किर्लोस्करांच्या 'सौभद्र' नाटकातलं सुभद्रेचं 'वद जाऊ कुणाला शरण' हे पद घ्या. पहिलाच शब्द 'वद', म्हणजे सांग. कुणाला सांगते आहे? पुढे 'अग सखये' येतंच. सखी शेजारी उभी आहे, दुर्योधनाशी लग्न गळ्यात पडणार आहे, आणि ही तिला विचारते आहे की जाऊ कुठे. हा प्रश्न आहे. तो प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगेकडे पाहून विचारला, की सखी रंगमंचावरून पुसली जाते आणि चार मिनिटं ती बिचारी पदराचं टोक धरून उभी राहते. दहापैकी आठ प्रयोगांत हेच होतं. सुभद्रेने फक्त एवढं करावं: मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, सखीच्या डोळ्यांत पाहून म्हणावा, अंतऱ्यात, म्हणजे पुढच्या कडव्यात, हवं तर समोर यावं, आणि प्रत्येक वेळी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) परत सखीकडे यावं. आणि सखीनेही ऐकावं, उत्तर शोधावं. प्रश्न विचारणाऱ्या माणसासमोर उत्तर नसलेला माणूस उभा असला, की तान न घेताही पद चढतं.

आता कलाकारांबद्दल माझी मतं. पटली नाहीत तर मोकळेपणाने लिहा.

बालगंधर्वांबद्दल ध्वनिमुद्रिका ऐकून मत बनवणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. रंगमंचावर तेच पद वन्समोर घेत घेत कितीतरी वाढायचं, साथीला तबल्यावर अहमदजान तिरखवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष असायचे. १९२५ च्या आधीच्या तबकड्या तर कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या, त्यात आवाजाचा खालचा भरणा उतरतच नाही. म्हणजे आपल्याकडे आहे तो नकाशा, गाव नाही. तरीसुद्धा त्या तीन मिनिटांत एक गोष्ट लख्ख ऐकू येते: शब्द कधी मोडत नाही. 'नाथ हा माझा' यमन रागात आहे, पण यमन दाखवायला म्हणून एकही जागा (सुरांचं वळण) घेतलेली नाही, सगळ्या जागा 'माझा' या शब्दाभोवती फिरतात.

दीनानाथ मंगेशकरांचं अनुकरण करू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांची तान अंगावर येते, पण तिच्या मुळाशी 'मानापमान'मधल्या धैर्यधराचा ताठा आहे. अनुकरण करणारे तान उचलतात आणि ताठा विसरतात.

सौभद्रातला छोटा गंधर्वांचा कृष्ण हा लाडिकपणा आणि खोडसाळपणा यांच्यातली रेघ कशी सांभाळावी याचा धडा आहे. 'प्रिये पहा' हे पद देसकार रागात आहे, आणि तेही 'पहा' आहे, म्हणजे दाखवणं आहे. उषःकाल होतोय, रुक्मिणीला तो दाखवतोय. गाताना नटाच्या नजरेला पहाट दिसली पाहिजे.

आणि वसंतराव देशपांडे. कट्यार काळजात घुसलीतल्या खाँसाहेबांचं बोलणं आणि गाणं एकाच गळ्यातून, एकाच पट्टीतून येतं. पुष्कळ गायकनट बोलताना एक माणूस असतात आणि गाताना दुसरा. इथे तो सांधाच दिसत नाही. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, वसंतरावांचं शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. २४ डिसेंबर १९६७ ला पहिला प्रयोग झाला. आपल्या गावाने या नाटकाला काय दिलं हे आपणच कधी नीट मांडत नाही.

गोकुळपेठ

काका, फार मोलाचं लिहिलंत. आमच्या हौशी संस्थेत सौभद्र बसतंय, अडीच ते पावणेतीन तासांत बसवायचंय. संहितेत शंभरावर पदं आहेत. कोणती ठेवायची, कोणती गाळायची, काही सुचत नाहीये. मोठी मोठी रागदारी पदं ठेवून बाकीचं उडवावं असा विचार आहे.

तिसरी घंटा

तेच नका करू. सौभद्र १८८२ चं, किर्लोस्करी घडणीचं. त्यात साक्या आहेत, दिंड्या आहेत, ओवीच्या अंगाची पदं आहेत. ती अर्ध्या-पाऊण मिनिटाची असतात, त्यांत तान नसते, आलाप नसतो. कथा तीच पुढे नेतात. मोठी पदं भावनेपाशी थांबतात, लहान पदं गोष्ट चालवतात. लहान उडवली की मोठ्या पदांच्या मध्ये नुसतं गद्य उरतं, आणि गद्यात इतका वेळ काढलेला कान पुढच्या पदाला तयारच नसतो. मग प्रेक्षक म्हणतात, मध्येच का गायला लागला?

हिशेब असा करा. पंधरा मिनिटं मध्यंतर धरून एकशे साठ मिनिटं. त्यातली ऐंशी मिनिटं गाण्याला द्या. सहा पदं मोठी, प्रत्येकी पाच मिनिटं, झाली तीस. दहा मधली, तीन-तीन मिनिटं, झाली तीस. उरलेल्या वीस मिनिटांत पंचवीस साक्या-दिंड्या सहज बसतात. उरलेली पासष्ट मिनिटं गद्य. वन्समोरसाठी वेगळा वेळ धरू नका, तो मोठ्या पदांच्या पाच मिनिटांतच धरा.

कोणती मोठी ठेवायची ते पात्रावरून ठरवा, रागावरून नको. कृष्ण, सुभद्रा, अर्जुन, नारद या चौघांना किमान एकेक मोठं पद मिळालंच पाहिजे. दोन्ही जादा पदं तुमच्याकडे ज्याचा गळा चांगला त्याला.

पायपेटी

काकांच्या 'शेवटच्या वाक्या'त निम्मा वाटा ऑर्गनवाल्याचा, म्हणजे पायपेटी वाजवणाऱ्याचा असतो, ते सांगतो.

नटाला सूर द्यायचा म्हणजे काय, तर त्याच्या शेवटच्या वाक्यातल्या शेवटच्या तीन-चार शब्दांखाली हलका षड्ज (सा) धरायचा. पंचम (प) जोडायचा तो नंतर. मुखडा वाजवायचा नाही. मुखडा वाजवला की प्रेक्षकांना कळतं, आता पद येतंय, आणि ते टाळीच्या तयारीला लागतात. मग नट कितीही सहज शिरला तरी शिवण दिसतेच. सूर इतका हलका हवा की तो नटाला ऐकू यावा आणि पाचव्या रांगेला येऊ नये. पायपेटीला गुडघ्यापाशी दांडी असते, ती बाहेर दाबली की आतली झडप उघडते आणि आवाज वाढतो. सूर देताना ती पूर्ण बंद. पायाने भाता अगदी संथ. शब्द संपून आकार लागला की मग गुडघा हळूहळू बाहेर.

यासाठी संहितेची एक प्रत ऑर्गनवर हवी आणि त्यात प्रत्येक पदाआधीच्या वाक्यातला कोणता शब्द आला की बोट ठेवायचं, तो शब्द लाल पेन्सिलने खुणावलेला हवा. नटाने तालमीत ठरलेलं वाक्य प्रयोगात बदललं की घोळ होतो. गद्यात सूट घ्यायची असेल तर पदाआधीची दोन वाक्यं सोडून घ्यावी.

दुसरं, लांब धरलेला शुद्ध गंधार (ग). ऑर्गनचा गंधार समान अंतराच्या स्वरमेळातला असतो, गायकाच्या नैसर्गिक गंधारापेक्षा जवळपास १४ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). झरझर जाणाऱ्या सुरावटीत कळत नाही, पण यमन किंवा भूप रागात गायक गंधारावर येऊन थांबला आणि ऑर्गननेही तोच धरला, की दोन गंधार एकमेकांवर घासतात. गायकाला वाटतं आपण उतरलो, तो वर ढकलतो, मग खरंच बेसूर होतो. अशा ठिकाणी गंधार सोडून नुसता सा-प धरावा.

आणि ज्यांच्याकडे जुनी परदेशी पेटी आहे त्यांनी ती इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याबरोबर आधी लावून बघा. पुष्कळ जुन्या पेट्या 'ए' हा सूर ४३५ हर्ट्झला मिळवलेल्या आहेत, तानपुऱ्याचं यंत्र ४४० वर असतं. फरक वीस सेंटचा पडतो. यंत्रावर बारीक फिरकी असते, तिने यंत्र खाली आणा. पेटीच्या रीड घासून वर आणायचा खटाटोप प्रयोगाच्या आदल्या दिवशी कोणी करू नये.

डग्गा

पायपेटी भाऊंनी सुरांचं सांगितलं, मी चामड्याचं सांगतो.

सौभद्रात बाई आणि पुरुष दोघं गाणार. समजा अर्जुनाचा सा पेटीच्या काळी एक पट्टीवर आणि सुभद्रेचा काळी चारवर. तबला काळी एकला मिळवलेला असेल तर तो सुभद्रेचा मध्यम (म) होतो. म्हणजे शुद्ध मध्यम असलेल्या रागात एकाच तबल्यावर दोघांचं निभतं, बाईला मध्यमावर मिळवलेला तबला चालतो. पण तिचं पद भूपासारख्या, मध्यम वर्ज्य असलेल्या रागात असलं, की प्रत्येक 'ना'ला एक परका सूर कानात वाजत राहतो. यमनात तीव्र मध्यम, तिथे शुद्ध मध्यमाचा तबला आणखीच खटकतो. म्हणून दोन तबले हवेतच. काळी एकला साडेपाच इंचाच्या आसपास तोंड, आणि काळी चारला खर्जाकडचा, सहा-साडेसहा इंची. दुसरा तबला कापड टाकून मांडीशेजारी ठेवायचा. पदाआधी बदलायला वीस सेकंद लागतात, तेवढं गद्य मध्ये आहे का हे आधी बघून ठेवायचं.

नागपूरच्या हवेचं तर काय सांगावं बाप्पा! एप्रिल-मेमध्ये दुपारी चार वाजता तबला मिळवला, सात वाजता सभागृहात डेझर्ट कूलर सुरू झाले, की साडेसातला तबला पाव ते अर्धा सूर उतरलेला. कोरड्या हवेत पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) ताणते, सूर चढतो. कूलरची ओल लागली की सैल पडते, सूर उतरतो. त्यामुळे तबला घरी मिळवून आणण्यात अर्थ नाही. दोन तास आधी सभागृहात उघडा ठेवा, कूलर सुरू करायला लावा, मग मिळवा. आधी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली मारून मोठा फरक भरून काढा, मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी गोफावर), समोरासमोरची घरं (वाद्यांमधले भाग) धरून. एकाच बाजूने ठोकत गेलं की एक घर चढं, समोरचं उतरलेलं राहतं आणि 'ना' आणि 'तिं' वेगवेगळ्या सुरांत बोलतात. मध्यंतरात पुन्हा एकदा सगळी घरं तपासायची.

पायपेटी

कूलरवरून आठवलं, पेटीच्या थेट अंगावर कूलरचा झोत कधीच नको. लाकूड फुगतं, पट्टी दाबलेली तशीच अडकते आणि सूर चालू राहतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उलट, भात्याच्या घड्या तडकतात, पाय मारून मारून दम लागतो आणि हवा पुरत नाही. भाता फाटलाय का ते ओळखायचं असं: हवा भरा, पट्टी न दाबता पाय थांबवा. भाता दहा-पंधरा सेकंदांत पार बसला तर गळती आहे.

सूर अडकला तर आधी पट्टीखालचा कचरा बघा, मग झडप. रीड बाहेर काढायचीच वेळ आली तर आकडीने सरळ ओढा, मऊ ब्रशने झटका. जीभ बोटाने उचलू नका. एकदा वाकली की तो सूर गेला.

महाल-इतवारी

ध्वनीबद्दल कोणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो. आजचे निम्मे प्रयोग माईकमुळे पडतात, गळ्यामुळे नाही.

पहिलं. ऑर्गन रंगमंचाच्या डाव्या टोकाला आणि तबला उजव्या टोकाला ही जुनी मांडणी देखणी दिसते. पण रंगमंचाचं तोंड बारा मीटर असेल तर आवाजाला एका टोकाकडून दुसरीकडे जायला ३५ मिलिसेकंद लागतात. विलंबितात चालतं. द्रुतात दोघं एकमेकांची वाट बघतात आणि लय मंदावत जाते. दोघांना एकाच बाजूला, एकमेकांची बोटं दिसतील असं बसवा. ते जमत नसेल तर तबलजीजवळ ऑर्गनचा छोटा मॉनिटर (कलाकाराला ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) ठेवा.

दुसरं. कॉलर माईक पौराणिक नाटकात छातीवर लावू नका. मोत्यांच्या माळा, कंठा, शेला, सगळं त्यावर घासतं. आवाज कडकड येतो. केसांच्या रेषेत, कपाळाच्या वर किंवा कानापुढे लावा, वायर मानेमागून पाठीत. पुरुषाच्या मुकुटाच्या आतल्या कडेला पट्टीने चिकटवला तरी चालतो, पण मुकुट हलता कामा नये. आत घाम गेला की माईक मेला, म्हणून मध्यंतरात पुसून नवी टेप.

तिसरं, गायकाला ऑर्गन ऐकू येण्यासाठी विंगेत मॉनिटर. पण त्यात गायकाचा स्वतःचा आवाज टाकू नका, शिट्टी वाजते. नुसता ऑर्गन, हळू.

ट्रॅकवर, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या साथीवर, नाटक करणाऱ्यांना माझा सरळ विरोध आहे. ट्रॅकची लय नटाच्या श्वासाशी बांधलेली नसते. वाक्य दोन सेकंद उशिरा संपलं की मुखडा निसटला, परत पकडता येत नाही. आणि काकांचं ते 'शेवटचं वाक्य' तर ट्रॅकसोबत होऊच शकत नाही, कारण बटण दाबणारा माणूस विंगेत नटाचा चेहरा बघत नसतो.

सीताबर्डी

सभागृहांबद्दल दोन शब्द. संगीत नाटकासाठी मला सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह बरं वाटतं. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह प्रशस्त आहे, पण दोन हजारांच्या आसपास आसनं. तिथे मागच्या अर्ध्यात बसलेल्याला सुभद्रेचा चेहरा दिसत नाही, आवाज स्पीकरमधून येतो. संगीत नाटकाचा सगळा जीव चेहरा आणि सूर एकत्र येण्यात आहे. तिथे प्रयोग असेल तर पुढचं तिकीट काढा, नाहीतर दुसऱ्या प्रयोगाची वाट बघा. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह लहान नाटकाला चांगलं, दहा-पंधरा पात्रांच्या सौभद्राला विंग अपुऱ्या पडतील.

धनवटे रंगमंदिर होतं तेव्हा सीताबर्डीतच सगळं व्हायचं. आता त्या जागी विदर्भ साहित्य संघाचं संकुल आहे.

आणि एकच प्यालाबद्दल कोणी काही बोललंच नाही. राम गणेश गडकऱ्यांनी सिंधूसाठी लिहिलेली पदं ही मराठीतली सगळ्यात करुण पदं आहेत.

तिसरी घंटा

ताई, एक दुरुस्ती. एकच प्यालातली पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. गडकऱ्यांचं २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला निधन झालं, आपल्या नागपूरपासून तासाभराच्या वाटेवर, आणि नाटक त्याच वर्षी गंधर्व मंडळीने रंगमंचावर आणलं. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू.

हा फरक नुसता माहितीसाठी नाही. गडकऱ्यांचं गद्य अलंकारांनी ओथंबलेलं, दीर्घ वाक्यांचं. गुर्जरांची पदं साधी. म्हणून एकच प्यालात सांधा फार अवघड आहे. सुधाकराचं लांबलचक वाक्य संपलं की सिंधूचं साधं पद येतं, तेव्हा गायिकेने आवाज एकदम खाली आणावा लागतो. ज्या गायिका सिंधूला पल्लेदार तानांत नेतात, त्या गद्याच्या अलंकाराशी स्पर्धा करतात आणि दोन्ही हरतात. सिंधू कुणाला काही पटवून देत नाही. तिच्या पदात मुरकी पुष्कळ झाली.

या बाबतीत गायिका-अभिनेत्री कीर्ती शिलेदारांचा उच्चार आदर्श मानावा. जोडाक्षर गाताना तुटत नसे, आणि शब्दाचा शेवटचा स्वर त्या गिळत नसत. नव्या मुलींनी त्यांचं ध्वनिमुद्रण ऐकताना तानांच्या आधी व्यंजनं ऐकावी.

सीताबर्डी

बरोबर आहे काका, चूक माझी. गुर्जरांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत सुद्धा क्वचित छापलं जातं, ते छापायला हवं.

झाडीची वाट

तुम्ही सगळे नागपूर-मुंबईच बोलून राहिले. दोन-अडीच तासांवर वडसा आहे, देसाईगंज. दिवाळी झाली, धान कापून झालं की तिथून उन्हाळ्यापर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी नाटकं जातात. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटे उतरतो. आणि त्यात ऑर्गन, तबला, गाणारा नट, सगळं जितं असते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच झाडीपट्टी रंगभूमीसाठी.

काकांनी सांगितलेला सांधा झाडीपट्टीत काहून पक्का असते ते सांगतो. समोर उघड्यावर हजारो माणसं बसलेली, थंडी, चहाच्या टपऱ्या. नट थांबला, पावलं पुढे टाकली, घसा साफ केला, तर तेवढ्यात लोक बोलायला लागतात. त्यामुळे तिथे संवादाच्या शेवटच्या शब्दावरच सूर धरायची सवय लागते. आणि ऑर्गनवाला अगदी पुढे, नटाच्या पायाशी बसतो. दोघांच्या डोळ्यांत अंतर फार तर तीन मीटर. महाल-इतवारीच्या ३५ मिलिसेकंदांचा प्रश्नच येत नाही.

नवीन मुलांना सौभद्र बसवण्याआधी एक रात्र तिकडे नेऊन आणावं. उणीवही सांगतो: ध्वनिक्षेपक फार मोठ्याने लावतात, गाण्याच्या बारीक हरकती वाहून जातात, आणि लावणीच्या मागणीपायी कथा मध्येच सोडून द्यावी लागते.

गोकुळपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. एक, वन्समोर आला तर काय करायचं? दोन, 'प्रिये पहा'ला प्रकाशयोजना कशी करावी? आमचा मुलगा म्हणतो गाणं सुरू होताच निळ्याचा पिवळा करू.

तिसरी घंटा

वन्समोर एका पदाला एकदाच घ्यावा, आणि पूर्ण पद परत गाऊ नये. मुखडा आणि शेवटचा अंतरा. त्याहून महत्त्वाचं, परत गद्यात कसं यायचं ते तालमीत ठरवून ठेवा. पदानंतरचं पहिलं वाक्य समोरच्या पात्राचं असेल तर त्याने टाळी पूर्ण संपायची वाट बघायची नाही. टाळी उतरायला लागली, की बोलायचं. पूर्ण शांततेची वाट बघितली की प्रयोग जागीच थंड होतो. आणि नमस्कार करू नये. कृष्णाने रुक्मिणीला पहाट दाखवता दाखवता प्रेक्षकांना हात जोडले, की पहाट गेली.

प्रकाशाचं 'सीताबर्डी' ताईंना जास्त कळतं.

सीताबर्डी

निळ्याचा पिवळा एकदम करू नका. पद पाच मिनिटांचं असेल तर बदल चार मिनिटांत पसरवा. सुरुवातीला निळा साधारण चाळीस टक्के, दोन्ही बाजूंनी सारखा. पहिल्या अंतऱ्यापासून एकाच बाजूच्या विंगेतून, खालच्या पातळीवरून, फिकट अंबर (पिवळसर केशरी प्रकाश) पाच टक्क्यांवर आणा आणि हळूहळू पन्नासपर्यंत. सूर्य एका बाजूने उगवतो, म्हणून दुसऱ्या बाजूचा निळा शेवटपर्यंत दहा-पंधरा टक्के राहू द्या, तो काढला की दुपार दिसते. जुन्या डिमर बोर्डवर हाताने ओढत असाल तर पदाच्या ओळींवर खुणा करा, घड्याळावर नको. वन्समोर आला तर प्रकाश मागे नेऊ नका, उगवलेला सूर्य परत बुडत नाही.

आणि कृष्ण उभा राहणार ती जागा अंबर येणाऱ्या विंगेच्या विरुद्ध बाजूला, तोंड त्या विंगेकडे. तो 'पहा' म्हणेल तेव्हा प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर येतोय असं दिसेल. रुक्मिणी त्याच्या अलीकडे, पाठ थोडी उजेडाकडे. तिला वळून बघावं लागलं पाहिजे.

पायपेटी

ताईंनी रुक्मिणीच्या वळण्याचं सांगितलं, ते ऑर्गनला फार उपयोगी आहे. ती वळेपर्यंत मी षड्जाच्या पुढे जाणार नाही. तालमीत ती कोणत्या शब्दावर वळते ते पक्कं करा, म्हणजे पंचम तिथे उघडता येईल.

डग्गा

आणि तबला तिथून दोन आवर्तनं थांबून सुरू करायचा, नुसत्या ऑर्गनवर पहाट होऊ द्या. गोकुळपेठ, तालमीची वेळ आणि जागा टाका. खर्जाचा तबला तुमच्याकडे नसेल तर माझा घेऊन येतो, फक्त कूलर त्या बाजूला नको.